मेपलच्या रांगेतला खांब

माझ्याशी सहसा कुणी बोलत नाही. कुत्री थांबतात, आपलं काम उरकून पुढे जातात. हरवलेल्या मांजरांचे कागद लोक माझ्या अंगावर ठोकतात, आणि मांजर सापडलं तरी काढायला येत नाहीत. पण आज मीच बोलणार आहे, कारण उद्या मी इथे नसेन. आयोवातल्या हॉलबर्ग गावात, मेपल स्ट्रीटवर, म्हाताऱ्या लूएलाबाईंच्या कुंपणाला लागून उभा असलेला विजेचा लाकडी खांब, तो मी.

जन्मानं मी झाड. दक्षिणेकडच्या पाइनच्या रानात वाढलो. सरळ वाढलो म्हणून नजरेत भरलो. वाकडी होती ती अजून तिथेच असतील. मला तोडलं, सोललं, वाळवलं, डांबरी तेलात मुरवलं आणि आगगाडीत घालून इथे आणून रोवलं. खाली काळी ओली माती लागली तेव्हा मला वेड्यासारखं वाटलं, की आता पुन्हा फुटवा येणार. फुटवा आला नाही. तारा आल्या.

माझ्या दोन्ही बाजूंना मेपलची झाडं होती, माझ्या आधीपासूनची. सुरुवातीला मला त्यांचा हेवा वाटायचा. नंतर सवय झाली. माझ्या उजवीकडच्या मेपलची एक जाड फांदी वाऱ्यानं माझ्या खांद्याला घासायची. तेवढीच सोबत.

इथली वीज गावाच्या मालकीची आहे. कुठल्या कंपनीची नाही. नदीकाठी गावचं वीजघर, गावचेच लाइनमन, आणि त्यांच्यावर देखरेख करायला लोकांनी निवडून दिलेली पाचजणांची नगरपरिषद. त्यामुळे दिवे गेले की लोक वीजघरात फोन करत नाहीत, थेट नगरसेवकाच्या घरी करतात. परिषदेची सभा गावच्या केबलवर दाखवतात आणि ती केबल माझ्याच अंगावरून जाते. त्यामुळे सभागृहाचं दार कधी न बघताही मला सगळ्या सभा पाठ आहेत.

समोरचं पिवळं घर टेस्डाल नवरा-बायकोचं. हालवर आणि व्हर्ना. व्हर्नाचं पुढच्या खोलीत केस कापायचं दुकान होतं. गावातल्या निम्म्या डोक्यांवरून तिचा हात फिरलेला, म्हणून ती परिषदेच्या निवडणुकीला उभी राहिली तेव्हा तिला फार फिरावं लागलं नाही. बोलणं फटकळ, पण मन लावून काम करणारी. सभेचे कागद ती शेवटच्या पानापर्यंत वाचायची. हालवर डेअरीतून निवृत्त झालेला, शांत, गालात हसणारा. हिवाळ्यात लूएलाबाईंच्या पायऱ्यांवरचा बर्फ तो सांगितल्याशिवाय काढायचा, आणि त्या बदल्यात त्यांच्याकडून रूबार्बचा आंबटगोड केक घेऊन यायचा.

तिसरा ऑरिन स्टूबे. वीजखात्याचा प्रमुख. शाळेत तिघंही एका वर्गातली. ऑरिन उमेदवारीत पहिल्यांदा माझ्यावर चढला तेव्हा त्याच्या बुटांचे लोखंडी आकडे माझ्या अंगात थरथरत रुतले होते. पुढे ती थरथर गेली. प्रमुख झाल्यावरही तो अधूनमधून स्वतः चढायचा आणि उतरला की हालवर कॉफीचा थर्मास घेऊन रस्ता ओलांडायचा.

"तू आलास की झाडं अंग चोरतात बघ," हालवर म्हणायचा.

"तुझी बायको आली की मीही चोरतो," ऑरिन म्हणायचा.

गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला दोघं बरोबर जायचे. मासे थोडे आणि गप्पाच फार, असं व्हर्ना म्हणायची.

बिघडलं ते फांद्यांवरून.

तारांना टेकलेल्या फांद्या दर काही वर्षांनी छाटाव्या लागतात. ऑरिनकडे माणसं कमी, म्हणून त्यानं चर्च स्ट्रीटवरचं काम बाहेरच्या एका टोळीला दिलं. त्यांनी झाडांच्या मधोमध कुऱ्हाडीनं भांग पाडावा तशी खिंडारं पाडली आणि निघून गेले. सकाळी गाव बघायला लोटलं. काहीजण रडले. ऑरिन त्या दिवशी दुसरीकडे होता. त्यानं जातीनं तिथे उभं राहायला हवं होतं, हे त्यालाही ठाऊक होतं, पण तो ते कुणापाशी बोलला नाही. बोलणं त्याला जमायचंच नाही.

व्हर्नानं त्याला माझ्या खालीच गाठलं.

"मी माणसांचे केस कापते, ऑरिन. असे कापले असते तर गावानं मला हाकलून दिलं असतं."

"तारा मोकळ्या झाल्या ना."

"झाडं मेल्यासारखी झाली त्याचं काय?"

"येतील पुन्हा फांद्या."

"कधी? आपण गेल्यावर?"

ऑरिननं खांदे उडवले. हे खांदे उडवणं त्याला पुढे फार महागात पडलं.

वसंतात तो परिषदेपुढे मेपल स्ट्रीट छाटायची परवानगी मागायला उभा राहिला. सभागृह भरलं होतं. लूएलाबाईसुद्धा काठी टेकत गेल्या होत्या. ऑरिन माइकच्या फार जवळ उभा राहिला, त्यामुळे त्याचा श्वासच जास्त ऐकू येत होता.

"फांद्या तारांवर आल्यात," तो म्हणाला. "बर्फ झाला की तुटतील. मग तारा खाली येतील." एवढं बोलून तो थांबला. लोक पुढच्या वाक्याची वाट बघत राहिले. पुढचं वाक्य नव्हतं.

"चर्च स्ट्रीटवर केलंत तसंच इथे करणार?" व्हर्नानं विचारलं. सभेत ती त्याला 'अहो' म्हणायची.

"तसं नाही करणार."

"कशावरून?"

"मी सांगतोय ना."

मागून कुणीतरी हसलं. नगराध्यक्ष क्लेटन बुशे हा सगळ्यांना सांभाळून घेणारा माणूस. तो म्हणाला, "यंदा निम्म्या छाटू, निम्म्या पुढच्या वर्षी?" पण निम्म्यावर कुणाचंच समाधान होईना. मग व्हर्ना बोलली, आणि ती छान बोलली. या सावलीत आपली मुलं चालायला शिकली, म्हणाली. शरद ऋतूत लांबून लोक हा रस्ता बघायला येतात, म्हणाली. वीजखात्यानं आधी गावाचा विश्वास परत मिळवावा, तोवर मेपल स्ट्रीटवर करवत चालू नये. टाळ्या पडल्या. हात वर झाले. ठराव मंजूर.

तिचं काही खोटं नव्हतं, हे मला सांगायला हवं. त्या टाळ्या झाडांसाठीच होत्या. केबलमधून त्या माझ्या अंगावरून गेल्या तेव्हा मलाही बरंच वाटलं होतं. मीही कधीकाळी झाड होतो.

दुसऱ्या दिवशी हालवर थर्मास घेऊन आला.

"रागावू नकोस रे तिच्यावर. थोडा वेळ दे, वळेल ती."

"मला वेळ आहे," ऑरिन वर बघत म्हणाला. "फांद्यांना विचार."

त्या शरदात मेपल अशी लालकेशरी पेटली की रस्त्यावर संध्याकाळ जरा उशिरा व्हायची. लोक गाड्या थांबवून फोटो काढायचे. मी प्रत्येक फोटोत असणार, पण मला कुणी बघितलं नसेल.

जानेवारीत गोठता पाऊस आला. पडताना पाणी, टेकताच काच. रात्रभर तो पडत राहिला आणि सकाळी सगळा रस्ता काचेच्या दुकानासारखा दिसत होता. माझ्या तारा मनगटाएवढ्या जाड झाल्या. मग आवाज सुरू झाले. आधी लांब, चर्च स्ट्रीटच्याही पलीकडे. मग जवळ. माझ्या खांद्याला घासणारी ती फांदी एकदा कण्हली आणि तारेला घेऊन खाली कोसळली. सगळ्या रस्त्याचे दिवे गेले.

तार तुटून जमिनीवर पडली की फ्यूज उडायला हवा. पण गोठून दगड झालेल्या जमिनीत वीज नीट उतरली नाही, आणि फ्यूज उडाला नाही. तार फांदीच्या डहाळ्यांखाली मुकाट पडून राहिली. ठिणगी नाही, आवाज नाही. घरं अंधारी, म्हणजे तारेत काही नाही, असंच कुणालाही वाटलं असतं. पण तारेत वीज होती. मला माझ्या टोकापाशी ती जाणवत होती.

पिवळ्या घरात व्हर्ना फोनवर होती. तिचं वाक्य मला ऐकू येत होतं, कारण तेच ती पुन्हा पुन्हा सांगत होती. "हो, ऑरिनची माणसं निघालीत. धीर धरा. नाही, मला नाही माहीत किती वेळ. अहो, मी नगरसेविका आहे, वीज माझ्या स्वयंपाकघरात नाही तयार होत."

दार उघडलं. हालवर मिठाची बादली घेऊन बाहेर आला. लूएलाबाईंच्या पायऱ्यांवर मीठ टाकायला. डोक्याला कानटोपी, पाय जपून टाकत. फांदी बरोबर त्यांच्या वाटेवर आडवी पडलेली. त्यानं बादली खाली ठेवली. हातमोजे झटकले.

मला ओरडता येत नाही. तारांमधून दिवसभर एवढं काय काय जातं, पण माझं स्वतःचं एक अक्षरही जात नाही.

त्यानं फांदी बाजूला ओढायला दोन्ही हातांनी धरली.

लूएलाबाईंनी खिडकीतून पाहिलं आणि त्या काच बडवत राहिल्या. व्हर्ना फोन हातात घेऊनच बाहेर धावली. "पुढे येऊ नकोस! व्हर्ना, येऊ नकोस!" लूएलाबाईंचा तो आवाज इतका मोठा असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. त्या आवाजानंच व्हर्ना वाचली. ती कुंपणापाशी थांबली, आणि ऑरिनची गाडी येईपर्यंत तिथेच उभी राहिली, नवऱ्यापासून हाकेच्या अंतरावर. फोनवर पलीकडून कुणीतरी अजून विचारत होतं, दिवे कधी येणार म्हणून.

ऑरिननं आधी तारेतली वीज तोडली, मग हालवरपाशी गेला. गुडघ्यावर बसला. पुष्कळ वेळ बसला. व्हर्नाकडे त्यानं पाहिलं नाही, आणि मला वाटतं ती त्याचीच वाट बघत होती, की हा आता मान वर करील आणि म्हणेल, मी सांगितलं होतं. तो तसं म्हणाला नाही. कधीच म्हणाला नाही. म्हणाला असता तर कदाचित तिला सोसलं असतं.

हालवरला पुरलं, चर्चच्या तळघरात जेवणं झाली, गावानं पातेली भरभरून जेवण पाठवलं, मग पातेली परत गेली. केस कापायचं दुकान बंद राहिलं. पडदे मिटलेले. ऑरिन एकदा थर्मास घेऊन आला, स्वतःचाच. माझ्या बुंध्याला पाठ टेकून त्यानं थोडी कॉफी प्यायली, उरलेली ओतून टाकली आणि गेला.

बर्फ वितळायला लागला तेव्हा व्हर्ना परिषदेत परत गेली. पहिल्याच सभेत तिनं ठराव मांडला. मेपल स्ट्रीटवरची सगळी झाडं तोडावीत.

"सगळी?" क्लेटननं विचारलं.

"सगळी. मुळापासून."

 केबलमधून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ऑरिन माइकपाशी आला होता, कुणी न बोलावता.

"मी फांद्या मागितल्या होत्या," तो म्हणाला. "झाडं नव्हती मागितली."

"बसा, ऑरिन," क्लेटन हळू म्हणाला.

"नाही बसत. छाटली तर ही झाडं राहू शकतात. मी स्वतः छाटीन, एकेक फांदी बघून. चर्च स्ट्रीटला मी नव्हतो, ती माझी चूक. तेव्हाच बोलायला हवं होतं मी."

एवढं लांब तो आयुष्यात पहिल्यांदा बोलला असेल.

"ऑरिन," व्हर्ना म्हणाली. सभेत ती त्याला पहिल्यांदाच एकेरीत बोलली. "तू सांगितलं होतंस आणि मी ऐकलं नाही. आता ऐकतेय."

"आता मी वेगळं सांगतोय."

"तुला आता झाडांची दया आली?"

"तुझी येतेय. रोज दार उघडशील आणि समोर काय बघशील?"

"काहीच नाही," ती म्हणाली. "मला काहीच बघायचं नाहीये."

"हालवर असता तर..."

"तो नाहीये."

 नवरा गेलेल्या बाईच्या विरोधात हात वर करायचा कुणाला धीर झाला नाही. ज्यांनी गेल्या वसंतात झाडांसाठी टाळ्या वाजवल्या होत्या ते मागच्या रांगांत खाली मान घालून बसले असतील. एकट्या क्लेटननं विरोध केला, तोही इतका हळू की चिटणिसाला दोनदा विचारावं लागलं. ठराव मंजूर.

बाहेरची टोळी आणू म्हणाले. ऑरिननं ते काम स्वतःकडे घेतलं. "करायचंच तर नीट करू," एवढंच तो आपल्या माणसांना म्हणाला. एप्रिलमध्ये, कळ्या लाल होऊन फुगलेल्या असताना, करवती सुरू झाल्या. मेपलमध्ये त्या दिवसांत गोड रस चढलेला असतो. कापलेले बुंधे ओले दिसत होते आणि मुंग्या लगेच आल्या.

माझ्या शेजारचं झाड सर्वांत शेवटी पाडलं. व्हर्ना ओसरीवर येऊन उभी राहिली, कोटाची बटणं न लावता. झाड पडलं तेव्हा तिनं डोळे मिटले नाहीत. माझ्या अंगाला जमिनीतून एक धक्का बसला, आणि मग इतकं आभाळ दिसायला लागलं की मला ते नको झालं.

त्या उन्हाळ्यात मेपल स्ट्रीटवरची घरं तापली. ज्यांनी कधी थंड हवेची यंत्रं लावली नव्हती त्यांनी लावली. माझ्या खांद्यावरचा ट्रान्सफॉर्मर दुपारभर गुणगुणत राहायचा, हात लावला तर भाजेल असा. परिषदेत प्रश्न आला, गावाला वीज कमी का पडते? लूएलाबाई उकाड्यानं आजारी झाल्या आणि मुलाकडे दुसऱ्या गावी गेल्या. त्यांच्या पायऱ्यांवर आता गवत आहे. दिवसा रस्त्यानं कुणी चालत नाही. चालणाऱ्याला टेकायला सावलीच नाही.

व्हर्ना पुन्हा निवडणुकीला उभी राहिली नाही. दुकान तिनं उघडलं, पण बायका म्हणतात, ती आता बोलत नाही, नुसती कात्री चालते. ऑरिनची गाडी रोज तिच्या दारावरून जायची. दोघं एकमेकांना हात करायची नाहीत. भांडण नव्हतं ते. भांडण असतं तर कुणीतरी मिटवलं असतं.

मग या वर्षी परिषदेनं ठरवलं, की मेपल स्ट्रीटच्या तारा जमिनीखालून न्यायच्या. एका म्हाताऱ्यानं उठून विचारलं, "हे आधी का नाही केलंत?"

"आधी मुळं होती," क्लेटन म्हणाला. "खणणं परवडत नव्हतं. आता सोपं आहे."

त्यावर कुणी हसलं नाही.

चर खणले गेले, तारा पुरल्या गेल्या. माझे सोबती खांब एकेक करून उपटले. माझ्यावरची शेवटची जोडणी सोडवायला आज दुपारी ऑरिन आला. खरं तर हे काम कुठल्याही लाइनमनचं. तो आकडे बांधून चढला. थकलाय आता तो. दोनदा मध्येच थांबला. केबल सुटली तशा सभाही माझ्यापुरत्या संपल्या. सगळं सोडवून तो खाली उतरला तेव्हा व्हर्ना रस्ता ओलांडून आली होती. हातात कॉफीचे दोन कप.

त्यानं एक घेतला. दोघं माझ्या दोन बाजूंना उभी राहिली, एकमेकांकडे न बघता.

"मी तुझं ऐकायला हवं होतं," ती म्हणाली.

"कधी?"

तिनं कप दोन्ही हातांत धरला. कपातली वाफ विरून गेली. त्यालाही वाईट वाटलं असावं, कारण तो म्हणाला, "कॉफी चांगली झालीये."

"पातळ झालीये. तू नेहमी खोटं बोलतोस."

"हालवर करायचा ती याहून पातळ असायची."

ती हसली नाही, पण तिच्या खांद्यांचा ताण जरा उतरला. मग तिनं माझ्या बुंध्यावर हात ठेवला. केस कापणाऱ्या बाईचा हात तो, हलका आणि कोरडा.

"हा उद्या काढणार ना? मी म्हणते, त्याच्या खड्ड्यात एखादं रोप लावावं. मेपलचं."

ऑरिननं मान हलवली. "तिथे जगायचं नाही. खांबाचं डांबरी तेल इतकी वर्षं मातीत मुरलंय."

"मग कुठे लावू?"

त्यानं रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. तिनंही पाहिलं.

"कुठेही लाव," तो म्हणाला. "जागाच जागा आहे."

ती कप घेऊन घरात गेली. लावील की नाही, मला सांगता येत नाही. लावलं तरी त्याची सावली तिच्या वाट्याला यायची नाही.

सकाळी यंत्र येईल. तुमच्यापाशी माझं एकच मागणं आहे. मला चुलीत घालू नका, माझा धूर वाईट असतो. कुठेतरी आडवा टाका, एखाद्या शेताच्या बांधावर वगैरे. आणि मी उभा होतो तो खड्डा तेवढा लगेच बुजवा. लोक या रस्त्यानं आता खाली बघत चालतात, तरी एखाद्याचा पाय जायचा.